कवडी पाटला पांढऱ्या डोळ्याचं बदक: ओळख पटवायला मदत हवी

काठावरचा | रविवार, दुपारी १:४०

मंडळी, लांबण लावणार आहे. चहा घेऊन बसा.

आज पहाटे साडेपाचला घर सोडलं. हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्याने कवडीला पोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी: मुळा-मुठा पुण्यातून बाहेर पडली की इथे एका जुन्या बंधाऱ्यावरून खाली उतरते. उतरताना पाण्याला फेस येतो, आणि वारा असला की त्या फेसाचे गोळे उडून अंगावर येतात. वास आहेच. पहिली दहा मिनिटं नाकाला रुमाल, मग सवय होते. शहराने आठवडाभर जे जे सोडलं ते सगळं बंधाऱ्याला अडकलेलं: पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, आज तर एक अख्खी गादी. त्या गादीवर एक धोबी शेपटी नाचवत ऐटीत फिरत होता.

पक्षी नेहमीचेच. थापटे साठ-सत्तर, हळदीकुंकू बारा, चक्रवाकांच्या दोन जोड्या, बंधाऱ्यावर घिरट्या घालणारे नदी सुरय. शेकाटे मोजायचे मी सोडून दिलेत.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी संथ होतं आणि जलपर्णीचा पट्टा सुरू होतो, तिथे पंधरा-वीस वारकरी (काळे पाणपक्षी, इंग्रजीत कूट) होते. त्यांच्यात साधारण त्यांच्याच अंगाचं तपकिरी काहीतरी दिसलं. आधी वाटलं लालसरी बदकाची (कॉमन पोचार्ड) मादी असेल. तेवढ्यात त्याने बुडी मारली. मी मनात आकडे मोजायला लागलो. अठराला वर आलं, भलतीकडेच. पुन्हा बुडी. बावीस. असा आमचा खेळ अर्धा तास चालला. ते कुठे वर येणार याचा माझा अंदाज एकदाही बरोबर आला नाही.

मग सूर्य उजव्या हाताला वर आला, जलपर्णीवरून तिरपं ऊन पडलं आणि त्या तपकिरीचा रंगच बदलला. गंजलेला पत्रा पावसात भिजल्यावर दिसतो तसा. डोकं, छाती, कुशी सगळं एकाच गडद तांबूस रंगाचं, पाठ काळपट. त्याने मान वळवली आणि डोळा दिसला. पांढरा! खडूने टिंब दिल्यासारखा.

घाईघाईने सत्तेचाळीस फोटो काढले. त्यातले एकेचाळीस पाण्यावरच्या वर्तुळांचे आहेत. बाकीचे सहा खाली देतोय.

प्रचि (प्रकाशचित्र) १ ते ३: बाजूने, लांबून. प्रचि ४: पाठमोरं, शेपटीखाली पांढरं दिसतंय. प्रचि ५: वारकऱ्यांसोबत, आकारासाठी. प्रचि ६: डोळा. धूसर आहे, पण आहे.

माझा अंदाज: फेरुजिनस डक, नर. शास्त्रीय नाव आयथिया नायरोका. कवडीला मी आठ वर्षं जातोय, याआधी कधी पाहिलं नाही. घाईने ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) टाकलं तर लगेच 'दुर्मीळ, वर्णन द्या' असा खलिता आला. वर्णन लिहिण्याआधी म्हटलं घरच्यांना विचारावं. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

टिबुकली | रविवार, दुपारी १:५८

पहिली मी! अभिनंदन, काय नशीब आहे. गुलाबी डोक्याचं तर नाही ना, नीट बघा. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

गादीवरच्या धोब्याचा फोटो का नाही दिला? मला तोच हवा होता.

शेकाट्या_२ | रविवार, दुपारी २:१५

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी या छंदात नवा आहे, एक भाबडा प्रश्न: इतक्या घाणेरड्या पाण्यात पक्षी येतातच का? बाजूला एवढी स्वच्छ धरणं आहेत.

जुनी_दुर्बीण | रविवार, दुपारी ४:३०

काठावरचा, आधी अभिनंदन, मग उलटतपासणी.

टिबुकली, गुलाबी डोक्याच्या बदकाची थट्टा करू नका, त्याने भल्याभल्यांना फिरवलंय. १९३५ साली दरभंग्याजवळ एक मारलं गेल्याची नोंद आहे. त्यानंतर त्याच्या शोधात लोक पार म्यानमारच्या दलदली तुडवून आले आणि हात हलवत परतले. मधल्या काळात 'दिसलं, दिसलं' म्हणून ज्या बातम्या उठल्या त्यात मोठ्या लालसरीचा नर हा नेहमीचा संशयित. लांबून, तिरप्या उन्हात, त्याचं नारिंगी डोकं गुलाबी वाटतं. सांगायचा मुद्दा हा की पहाटेच्या उन्हातला रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. तुमच्या ओल्या गंजाचं वर्णन सुंदर आहे, पण मी ते बाजूला ठेवतो. राग मानू नका.

आता हाडं बघू, म्हणजे रंगावर अवलंबून नसलेल्या गोष्टी.

डोक्याचा आकार: प्रचि २ मध्ये माथा मधोमध उंच, उतरत्या छपरासारखा दिसतोय. हे तुमच्या बाजूने. लालसरीचं कपाळ चोचीतून घसरगुंडीसारखं सलग वर चढतं, तसं इथे नाही.

शेपटीखालचं पांढरं: प्रचि ४ मध्ये स्वच्छ, काठ रेखीव. हेही तुमच्या बाजूने, पण एकट्याच्या बळावर पुरेसं नाही. का ते कुणीतरी सांगेलच.

चोच: सगळ्यात महत्त्वाची आणि तुमच्या सहाही फोटोंत सगळ्यात वाईट. फेरुजिनसची चोच एकसारखी गडद राखाडी असते, काळं फक्त अगदी टोकाच्या नखावर. लालसरीच्या चोचीला टोकाशी आणि मुळाशी काळं, मध्ये फिका पट्टा. तुमच्याकडे मूळ फाइल असेल तर प्रचि ३ कापून मोठा करून टाका.

पंख: उडताना दिसला का? नसेल तर अर्धी केस राहिलीच.

शेकाट्या_२, प्रश्न भाबडा नाही. सांडपाण्यात सेंद्रिय गाळ भरपूर. त्या गाळात लाल अळ्यांची पैदास होते आणि वर बारीक जिवाणू-शेवाळांचा रस्सा. थापट्याच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडेला बारीक दातेरी कंगवा असतो. पाणी आत घ्यायचं, कंगव्यातून गाळायचं, उरेल ते गिळायचं. त्याला कवडी म्हणजे लग्नाची पंगत. शेकाट्यांनाही तशीच पंगत. पण म्हणून पाणी चांगलं आहे असा अर्थ काढू नका. कुठली बदकं येतात यापेक्षा कुठली येत नाहीत ते बघायचं. बुडी मारून तळाच्या पाणवनस्पती खाणाऱ्यांना जरा नितळ, वनस्पती असलेलं पाणी लागतं. फेरुजिनस त्याच गटातला. म्हणून तो इथे, फेसाच्या वरच्या अंगाला, काय करतोय हाच माझा पहिला संशय.

कालव्याकाठी | रविवार, सायंकाळी ५:०५

जुन्या दुर्बिणीने सोडलेली जागा मी भरते. मी नेदरलँड्समध्ये राहते, घरासमोर कालवा आहे आणि त्यात शेंडी बदकं आपल्याकडच्या कबुतरांइतकी. रोज चहाच्या वेळी बघते. त्यांच्या तपकिरी माद्यांपैकी काहींना शेपटीखाली चांगलंच पांढरं असतं. पहिल्या हिवाळ्यात मीही उड्या मारल्या होत्या. इथल्या एका म्हाताऱ्या पक्षीनिरीक्षकाने शांतपणे विचारलं, "डोळा कसा आहे?" डोळा पिवळा होता. विषय संपला.

तर काठावरचा, दोन गोष्टी तपासा. डोळा खरंच पांढरा की फिका पिवळा? आणि डोक्याच्या मागे अगदी छोटी का होईना, शेंडी आहे का? शेंडी बदकाच्या मादीला ती इतकी आखूड असते की ओलं झाल्यावर नुसता टेंगूळ वाटतो.

चिखलवाट | रविवार, सायंकाळी ६:४०

मी जरा मोठा डाव टाकतो. बेअर्स पोचार्ड? त्याच्या नराचाही डोळा पांढराच असतो.

जुनी_दुर्बीण | रविवार, सायंकाळी ७:२०

चिखलवाट, डाव मोठाच आहे. आमूरच्या खोऱ्यात आणि ईशान्य चीनमध्ये वीण करणारा, जगात अतिसंकटग्रस्त, भारतात आलाच तर ईशान्येकडे. अशक्य म्हणून नाही, फोटोत बसत नाही म्हणून नकार देतोय. त्याच्या नराचं डोकं काळपट हिरव्या झाकेचं असतं आणि पोटाचं पांढरं कुशीवर वर चढलेलं, बसलेल्या पक्ष्यातही दिसतं. प्रचि १ मध्ये कूस पाण्याच्या रेषेपर्यंत तांबूस आहे.

उडी मारायचीच तर छोट्या ओढ्यावरून मारू. माझी खरी भीती संकराची आहे. ही डुबकी बदकं आपसात सर्रास संकर करतात. फेरुजिनस आणि लालसरीच्या संकराला तर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नवी जात समजून 'पॅजेटची लालसरी' असं बारसंही करून टाकलं होतं. असा संकर लांबून फेरुजिनससारखाच दिसतो. फरक चोचीवरच्या पट्ट्यात, डोळ्याच्या रंगात आणि पंखात.

काठावरचा | रविवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. प्रचि ३ कापून टाकला आहे (प्रचि ७). चोच गडद दिसतेय, फिका पट्टा मला तरी दिसत नाही, पण प्रत्येक ठिपका चौकोनी झालाय. शेंडी नाही. डोळा पांढरा, यावर मी ठाम आहे. पिवळा नव्हता.

उडताना दिसला नाही. मी निघेपर्यंत तो पाण्यातच होता.

पाणथळ | रविवार, रात्री ९:४५

एक विनंती, जरा कडक वाटेल. धाग्याच्या नावातून जागा काढा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आसामात मागुरी बिल या तळ्यावर मँडरिन बदक आलं, शंभराहून अधिक वर्षांनी, आणि देशभरातून लोक कॅमेरे घेऊन धावले. मागुरी निदान मोठं आहे. कवडीचा काठ केवढा? दहा माणसं उभी राहिली की अकराव्याला पाण्यात उतरावं लागतं.

टिबुकली | रविवार, रात्री ९:५२

कवडी पाट कुणाला माहीत नाही? नाव लपवून काय होणार? पुण्यातल्या निम्म्या पक्षीनिरीक्षकांनी पहिला थापट्या तिथेच पाहिलाय.

पाणथळ | रविवार, रात्री १०:०३

जागा माहीत असणं वेगळं आणि 'आत्ता तिथे हे आहे' हे माहीत असणं वेगळं. घरट्याचा फोटो टाकू नये हे आपण सगळे मानतो ना? मग दमलेल्या पाहुण्यालाच तो नियम का नाही?

काठावरचा | रविवार, रात्री १०:२०

पाणथळ, तुमचं पटतं, पण आता उशीर झालाय. दुपारपासून हा धागा दोन व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय, मलाच तीन ठिकाणांहून परत आला. नाव तसंच राहू देतो.

मांजरीकर | सोमवार, सकाळी ७:३०

नमस्कार. मी पक्षीवाला नाही, पण त्याच काठावरचा आहे, आमचं रान नदीला लागून आहे. तुमच्यापैकी बरेच जण आमच्या बांधावर गाड्या लावतात म्हणून धागा वाचायला घेतला, आणि पूर्ण वाचला.

आम्ही सगळ्यालाच बदक म्हणतो. हळदीकुंकू तेवढं नावाने माहीत, कारण आजी दाखवायची. काळ्या चोचीला पिवळं टोक, मुळाशी तांबडे ठिपके, म्हणायची सवाष्ण आहे ती, मारायची नाही. आजोबा याच नदीचं पाणी प्यायचे. आता म्हशी धुवायच्या तरी विचार पडतो.

तुमचं ते पांढऱ्या डोळ्याचं आज पाहिलं. वारकऱ्यांतच आहे. जलपर्णीच्या कडेला, मोडक्या होडीजवळ. सकाळी खूप बुड्या मारतं, ऊन चढलं की चोच पाठीत खुपसून झोपतं.

जुनी_दुर्बीण | सोमवार, सकाळी ८:१०

मांजरीकर, तुमच्यासारखा रोजचा डोळा आमच्या दहा रविवारांच्या बरोबरीचा आहे. दोन कामं कराल का? एक, तारीख आणि वेळ लिहीत जा. दोन, ते झोपेतून उठून पंख पसरतं, फडफडवतं, तेव्हा पंखाच्या मागच्या कडेला काय रंग दिसतो ते बघा. पक्ष्याला उडवायची गरजच नसते. बदकं अंघोळ झाली की पाण्यात उभी राहिल्यासारखी होऊन पंख झटकतात. थांबणाऱ्याला सगळं फुकट दिसतं.

आणि 'वारकरी' नावाबद्दल. कपाळावरचा पांढरा टिळा बघून ज्याने हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. थापट्या, शेकाट्या, टिबुकली, तुतवार... ही नावं पुस्तकात बसून सुचत नाहीत.

शेकाट्या_२ | सोमवार, सकाळी ९:००

या धाग्यासाठी मी पहिल्यांदाच दुर्बीण विकत घेतली. आठ बाय बेचाळीस. बरोबर घेतली का?

जुनी_दुर्बीण | सोमवार, सकाळी ९:०४

बरोबर. दहा बाय घेतली असती तर हात थरथरून बदकांच्या जागी भूकंप पाहिला असता.

मांजरीकर | बुधवार, सायंकाळी ६:१५

तीन दिवसांच्या नोंदी. सोमवार सकाळी ७:००, होडीजवळ. मंगळवार दिसलं नाही, धुकं होतं. बुधवार ६:५० ते ८:१५. पंख एकदा झटकले. मागच्या कडेला पांढरं, असं वाटलं. चमकून गेलं, शपथेवर सांगणार नाही. आज काठावर चार गाड्या होत्या, बुधवार असून.

पाणथळ | बुधवार, सायंकाळी ६:३०

चार गाड्या. मी आता काही बोलत नाही.

काठावरचा | रविवार, दुपारी १२:२०

आज परत गेलो होतो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. रागात लिहिणार होतो, तीन तास थांबलो.

सव्वासहाला पोचलो तर आधीच सातजण. आठ वाजेपर्यंत तेवीस झाले, मी मोजले. कॅमेऱ्यांच्या मोठमोठ्या तोफा, तिपाया, एकाच्या पाठीवर झाडपाल्याच्या छापाचा डगला आणि पायात भगभगीत नारिंगी बूट. बहुतेक लोक शहाणे होते. हळू बोलत होते, दोघांनी तर माझ्याकडे शेजारच्या तुतवाराची चौकशी केली.

पक्षी होता. मांजरीकरांनी सांगितलं तिथेच. सातला दिसला, साडेसातपर्यंत बुड्या मारल्या, मग होडीच्या आडोशाला चोच पाठीत खुपसून बसला. डोळा अधूनमधून उघडायचा. पांढरं टिंब, झाकलं, पुन्हा टिंब. मी दुर्बिणीतून तेवढंच बघत होतो. खरं सांगतो, मला तेवढं पुरलं असतं.

पावणेनऊला माझ्या डावीकडे कुणीतरी म्हणालं, "हा काय झोपूनच राहणार का?" आणि दगड पडला. खूप मोठा नव्हता, होडीपासून पाच-सहा फुटांवर. वारकरी पाण्यावरून पळत सुटले, तो पाय आपटण्याचा फटफट आवाज, आणि त्यांच्यात हा. डुबकी बदकं थापट्यांसारखी जागेवरून सरळ उठत नाहीत, त्यांचे पाय मागे असतात, त्यांना पाण्यावर धावपट्टी लागते. तो धावला, उठला, बंधाऱ्यावरून वळला आणि खालच्या अंगाला गेला. डावीकडून उजवीकडे, ऊन पुरतं अंगावर, आणि तेवीस कॅमेरे एकदम कडाडले.

माझाही. बोट आपोआप दाबलं गेलं. तेच मला सहन होत नाहीये.

दगड टाकणाऱ्याला दोघा-तिघांनी झापलं. तो म्हणाला, "उडवल्याशिवाय तुम्हाला पंख दिसले असते का?" मग गाडीत बसून गेला. कोण होता, कुठल्या ग्रुपचा, ते इथे लिहिणार नाही, कृपया कुणी विचारूही नका.

फोटो माझ्याकडे आहे. चांगला आहे. आजवरचा माझा सगळ्यात चांगला बदकाचा फोटो आहे. पंखावरचा पट्टा पांढराशुभ्र आणि पार बाहेरच्या पिसांपर्यंत गेलेला. पोटावर पांढरा लंबगोल, काठ कापल्यासारखा रेखीव. तो इथे टाकायचा की नाही ते कळत नाहीये.

कालव्याकाठी | रविवार, दुपारी १:०५

वाचून पोटात तुटलं. तुमची चूक नाही. टाका.

पाणथळ | रविवार, दुपारी १:३०

टाकू नका. हा फोटो गाजला की पुढच्या दगडवाल्याला उत्तर तयार: 'त्या वेळी दगडामुळेच ओळख पटली होती.'

आणि हिशोब साधा आहे. मध्य आशियाकडून इथवर आलेला पक्षी हिवाळाभर एकच काम करतो: खायचं आणि साठवायचं. दर उड्डाणाला त्यातलं खर्च होतं. परतीच्या प्रवासाचं पेट्रोल आपण काठावर सांडतोय.

चिखलवाट | रविवार, दुपारी २:१०

मला हे फार टोकाचं वाटतं. तिथे म्हशी उतरतात, कुत्री फिरतात, दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी दिवसातून दहा वेळा बदकांवरून जातो आणि दहा वेळा ती उडतात. एक दगड चूकच, पण त्याने काय प्रलय आला? पुरावा हातात आहे तर वापरा. नोंद महत्त्वाची.

मांजरीकर | रविवार, दुपारी २:४०

चिखलवाट साहेब, म्हैस पाणी प्यायला उतरते आणि भोवत्या पोट भरायला. दगड कशाला टाकला ते तुम्हीच सांगा.

चिखलवाट | रविवार, दुपारी २:५५

मान्य. मागे घेतो.

जुनी_दुर्बीण | रविवार, सायंकाळी ५:४५

सकाळपासून प्रवासात होतो, आत्ता वाचलं.

पट्ट्याचं आणि पोटाचं तुम्ही शब्दांत केलेलं वर्णन मला पुरेसं आहे. लालसरीच्या पंखात राखाडी पट्टा, संकरात मळकट, बाहेरच्या पिसांकडे विरत जाणारा. पांढराशुभ्र, शेवटपर्यंत गेलेला पट्टा आणि रेखीव लंबगोल पोट, त्यात पांढरा डोळा, एकसारखी गडद चोच, उंच माथा. माझ्याकडून शिक्कामोर्तब: फेरुजिनस, प्रौढ नर. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो संकटसमीप आहे. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेत बरा दिसतो, खाली येईल तसा विरळ होत जातो. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत उतरते. तो उजनीच्या पसाऱ्यातून वर चुकून आला असावा, हा माझा तर्क. तर्कच.

फोटोबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो, वयाचा फायदा घेऊन. तरुणपणी मी पाणकोंबड्या बघायला देवनळात टाळ्या वाजवत हिंडायचो. तेव्हा कुणी झापलं नाही. म्हणून मी दगडवाल्याला राक्षस म्हणणार नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मांजरीकरांनी बुधवारीच दिलं होतं: पंख झटकले, मागच्या कडेला पांढरं. एकटा माणूस, कॅमेरा नाही, दगड नाही. आपल्यालाच तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, मला धरून.

शेकाट्या_२ | रविवार, सायंकाळी ६:००

मी त्या तेविसांतला एक होतो. नवी दुर्बीण घेऊन. मला वाटलं असंच करतात. आज सकाळी कुणाशी बोललो नाही, इथे लिहितोय.

टिबुकली | रविवार, सायंकाळी ६:१२

शेकाट्या, पुढच्या रविवारी माझ्यासोबत चला. गादीवरचा धोबी दाखवते. त्याला कुणी दगड मारत नाही.

काठावरचा | सोमवार, रात्री १०:३०

ई-बर्डवर नोंद पक्की केली. कालचा फोटो जोडला नाही. पहिल्या रविवारचे सहा धूसर फोटो आणि दीड पानी वर्णन. त्यात लिहिलंय की पंखाचा पट्टा बुधवारी एका स्थानिक निरीक्षकाने पक्षी स्वतःहून पंख झटकत असताना पाहिला. मांजरीकर, न विचारता 'निरीक्षक' लिहिलं, चालेल ना? रविवारी पक्ष्याला उठवलं गेलं हेही लिहिलं, आणि तेव्हा पट्टा मलाही दिसला हेही. लपवलं काही नाही. मान्य होईल न होईल.

फोटो डिस्कवर आहे. पुसलाही नाही. रोज एकदा उघडून बघतो आणि बंद करतो.

आशियाई पाणपक्षी गणना जवळ आली आहे. कवडीला मोजायला माणसं हवीत. ज्यांना यायचं त्यांनी मला निरोप करा, पाचच्या वर नकोत. गाड्या मांजरीकरांच्या बांधावर लावायच्या नाहीत, हमरस्त्याला लावून चालत यायचं.

मांजरीकर | मंगळवार, सकाळी ८:४०

निरीक्षक चालेल. घरी सांगितलं तर हसले सगळे.

बांधावर दोन गाड्या चालतील, त्याहून जास्त नको, हरभरा आहे.

आजची नोंद. सकाळी ६:४५ ते ८:२०. थापटे चाळीसेक, हळदीकुंकू नऊ, वारकरी सतरा. होडीजवळ पांढऱ्या डोळ्याचं नाही. बंधाऱ्याच्या खाली एक किलोमीटर चालत जाऊन आलो, तिथेही नाही. रात्री वरून पाणी वाढलं होतं, जलपर्णीचा अर्धा पट्टा वाहून गेला.

काठावरचा | मंगळवार, सकाळी ८:५१

खालच्या बाजूला डाव्या काठाने गेलात की उजव्या?

मांजरीकर | मंगळवार, सकाळी ८:५५

उजव्या. डाव्याने उद्या जातो.